स्पिटफायरमधला ‘टक्’: डाव्या पुढच्या कोपऱ्यातून येतो, पण सापडत नाही

खारा_वारा

नमस्कार मंडळी. वाहन विभागात आजवर नुसता वाचनमात्र होतो, आज अडलं म्हणून लिहितोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३, १९६८ची. १२९६ सीसी, उजव्या हाताचं स्टिअरिंग, मागे स्विंग ॲक्सल (चाकं डिफरन्शियलपाशी सांधलेल्या शाफ्टवर वर-खाली झुलतात) आणि आडवा पाटा. मुक्काम दादर पश्चिम. समुद्र इतका जवळ की खिडकीच्या गजांना दर दिवाळीला रंग काढावा लागतो, तेव्हा गाडीच्या पत्र्याचं काय होत असेल ते समजून घ्या.

मागच्या उन्हाळ्यात पुढचं सस्पेन्शन पूर्ण सुटं करून बसवलं. वरचे बॉल जॉइंट नवे, विशबोनचे (चाक धरणाऱ्या आडव्या दांड्यांचे) सगळे रबर बुश नवे, खालच्या ट्रनियनचे (ज्यावर चाक वळतं त्या खालच्या सांध्याचे) नायलॉन बुश आणि वॉशर नवे, शॉकअप नवे. स्प्रिंगा जुन्याच, पण शाबूत. व्हील बेअरिंग नीट सेट केलेले.

आता आवाज. एकच, कोरडा ‘टक्’. लोखंडाने लोखंडाला टिचकी मारावी तसा. बसल्या जागेवरून ऐकलं तर डावीकडून, शेजारी बसणाऱ्याच्या बुटांच्या पुढून कुठून तरी येतो. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हमखास. मोठ्या खड्ड्यात मात्र नाही! तिथे चाक आपटतं तो नुसता धप्प. स्पीड ब्रेकर चढताना गप्प, उतरताना टक्. सिग्नल सुटल्यावर क्लच सोडताना कधीकधी एखादा. कोस्टल रोडवर वरळीपासून मरीन ड्राइव्हपर्यंत चकार शब्द नाही.

आमचे मिस्त्री जुने, स्टँडर्ड हेरल्ड गाड्यांवर हात बसलेले. त्यांचं म्हणणं, डावा बॉल जॉइंट डुप्लिकेट निघाला, परत बदला. मला पटत नाहीये, कारण चाक हलवून बघितलं तर प्ले (सांध्यातला ढिलेपणा) अजिबात नाही.

पद्मिनीप्रेमी

आधी फोटू टाका हो गाडीचा. आवाजाचं नंतर बघू. :)

सिरियसली, बॉल जॉइंटच असणार. माझ्या पद्मिनीला हुबेहूब असंच होत होतं.

कल्याण_लोकल

टेप जोरात लावा. माझ्या सगळ्या गाड्यांचे आवाज याच उपायाने गेलेत.

आप्पा_ताडदेव

वा, मार्क ३! आमच्या घरी स्टँडर्ड हेरल्ड होती, तिच्या खाली झोपून माझं अर्धं कॉलेज गेलं. नव्या मंडळींसाठी सांगतो. हेरल्ड मूळची ट्रायम्फचीच, इंग्लंडमध्ये १९५९ला आली. आपल्याकडे १९६१पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर्स ती बनवू लागली. चार दारांची हेरल्ड तर फक्त भारतातच झाली. स्पिटफायर आली १९६२मध्ये. दोन्हींचा आकार इटालियन डिझायनर मिकेलोटींचा आणि स्पिटफायरचं पुढचं सस्पेन्शन हेरल्डच्याच घराण्यातलं. म्हणून तर तुमच्या मिस्त्रींना ती ओळखीची वाटते.

खारा_वारा, दोन गोष्टी विचारतो. ट्रनियनमध्ये तेल घातलंय की ग्रीस? आणि ‘प्ले नाही’ म्हणता तो चाक हवेत लटकवून बघितलात की वजनावर?

पहिल्या प्रश्नाचं कारण असं: खालचा ट्रनियन पितळी, त्यात उभ्या लिंकची आटी फिरते. स्टिअरिंग वळवलं की ती आटीच वळते. तिथे ईपी ९० गिअर ऑइल हवं. लोक निपल दिसला की ग्रीसगन लावतात. ग्रीस वरच्या आटीपर्यंत पोचत नाही, पाणी आत बसतं, लिंक आतून गंजते, एक दिवस तुटते आणि चाक आडवं होतं. हेरल्डची बदनामी झाली ती निम्मी या ग्रीसमुळे. गाडी बिचारी चांगली होती.

खारा_वारा

@आप्पा, तेलच. ईपी ९०. प्लग काढून निपल लावतो आणि वरच्या रबरी सीलपाशी तेल डोकावेपर्यंत भरतो.

प्ले मात्र चाक लटकवूनच बघितला. चेसिसखाली जॅक, चाक हवेत, वर-खाली आणि आडवं हलवून.

आप्पा_ताडदेव

मग तो बघितला न बघितल्यासारखाच. चाक लटकतं तेव्हा स्प्रिंग सगळं खाली ढकलून ताणून धरते, झिजलेला सांधाही घट्ट वाटतो. जॅक खालच्या विशबोनच्या बाहेरच्या टोकाखाली, ट्रनियनच्या जवळ लावा. स्प्रिंग दाबलेली राहू दे आणि चाक जमिनीपासून जेमतेम बोटभर वर. मग चाकाखाली पहार घालून हलकेच उचला. दुसऱ्या कोणाला तरी बॉल जॉइंटवर बोट ठेवून बसवा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं.

हे करताना घोडी (गाडी तोलून धरणारा स्टँड) लावायला विसरू नका. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाणाऱ्यांच्या गोष्टी मी इथे लिहीत नाही.

या गाडीला एक सोय आहे, अख्खं बॉनेट पुढे कलंडतं. टायरवर बसून चहा पीत काम करा.

पानेवाला

+१ आप्पा.

शॉकअपची वरची नट बघितली का? स्पिटफायरला पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच युनिटमध्ये. वर प्लेट, तिच्यात रबर, मग नट आणि त्यावर लॉकनट. नवे शॉकअप बसवले की रबर बसतं, नट मोकळी पडते. मग बारीक उंचसखलावर टक्टक्, मोठ्या खड्ड्यात नाही. तुमच्या वर्णनाशी जुळतंय.

अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंकाही बघा. दोन्ही सोडून, बार वर बांधून, सावकाश एक फेरी मारा. आवाज गेला तर चोर सापडला. वळणावर जपून, गाडी जास्त कलेल.

रेवा_के

मी गाड्यांवर काम करत नाही, यंत्रांच्या कंपनांवर करते. त्यामुळे कुठला नट कुठे हे विचारू नका, पण पद्धतीबद्दल दोन शब्द.

‘डाव्या पुढच्या बाजूने येतो’ हे वाक्य तूर्तास धाग्यातून काढून टाका. पोलादात आवाज हवेतल्यापेक्षा साधारण पंधरापट वेगाने जातो. गाडीच्या एका टोकाला टक् झालं की सगळा सांगाडा वाजतो आणि जिथला पत्रा मोठा, सपाट आणि मोकळा तिथून तो हवेत येतो. कानाला ऐकू येतो तो पत्रा. दणका कुठे बसला ते कान सांगू शकत नाही, आणि उघड्या टपाच्या गाडीत तर नाहीच.

त्यापेक्षा केव्हा येतो यावर भर द्या. ते तुम्ही छान लिहिलंय. आता ते थोडं छळून बघा. एकच रस्ता, एकच वेग, एका वेळी एकच बदल. बारच्या लिंका सोडल्यात त्याच दिवशी शॉकअपची नट आवळू नका, नाहीतर आवाज गेला तरी कशाने गेला ते कळणार नाही.

चाचण्या अशा: पेव्हर ब्लॉकवरून (अ) नेहमीसारखं गिअरमध्ये, (ब) वेग घेऊन न्यूट्रलमध्ये, (क) ब्रेक हलका दाबून धरून. तिन्ही वेळा शेजारी कोणी तरी मोबाइलवर रेकॉर्ड करत असावं. आणि एक प्रश्न: स्पीड ब्रेकर उतरताना ब्रेकवरचा पाय नेमका केव्हा उचलता?

कल्याण_लोकल

अवांतर: एवढी जुनी गाडी मुंबईत चालवायला परवानगी असते का? माझ्या पंधरा वर्षांच्या गाडीला फिटनेसच्या नावाने घाम फुटला.

आप्पा_ताडदेव

@कल्याण_लोकल, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१मध्ये केंद्राने विंटेजची वेगळी नोंदणी आणली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण तशी नोंद केली की गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. पुढचं त्यासाठीच्या वेगळ्या धाग्यावर बोला, इथे विषय भरकटायला नको.

खारा_वारा

उशीर झाला, मध्ये पावसाने दोन रविवार खाल्ले. निकाल लिहितो.

जॅक विशबोनखाली लावून पहारीने बघितलं. बायकोचं बोट बॉल जॉइंटवर, माझी पहार. दोन्ही बाजूंना काही नाही. ट्रनियनलाही नाही.

शॉकअपची डावी वरची नट खरोखरच मोकळी होती! अर्धा फेरा आवळला गेला. तो आनंद गल्लीच्या टोकापर्यंत टिकला. टक्.

बारच्या लिंका सोडल्या, बार सुतळीने वर बांधला. टक्.

बॉनेटच्या बाजूच्या कड्या आणि पुढचे रबरी कोन यांचाही संशय होता. एवढं मोठं बॉनेट, वाजणारच. सायकलची ट्यूब कापून सगळीकडे भरली. एक जुनी कुरकुर कायमची गेली, टक् तिथेच.

स्टिअरिंग रॅकचे यू-बोल्ट पाना लावून बघितले, घट्ट. पुढचा टर्रेट (शॉकअपचं वरचं टोक धरणारा उंचवटा) जिथे चेसिसला बसतो ते बोल्टही घट्ट. सगळ्या नटांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवलीये, कोणी हलला तर दिसेल.

रेवाताई, आता तुमच्या चाचण्या. हिंदू कॉलनीतली पेव्हर ब्लॉकची एक गल्ली पहाटे रिकामी असते, तिथे केल्या. गिअरमध्ये: टक्. न्यूट्रलमध्ये: टक्, पण विरळ. ब्रेक हलका धरून: आवाज जवळजवळ बंद, आणि ब्रेक सोडला त्या क्षणी एक मोठा टक्!

स्पीड ब्रेकरचं तुम्ही विचारलंत तेव्हा जाणवलं. पुढची चाकं उतरली की मी ब्रेक सोडतो. आवाज तेव्हाच. चढताना पाय ब्रेकवरच असतो.

पानेवाला

ब्रेक दाबला की आवाज बंद? मग कॅलिपरमध्ये पॅड हलतायत. पिना आणि क्लिपा बघा. जुनी गोष्ट आहे.

रेवा_के

@पानेवाला, पॅड वाजत असते तर ब्रेक सोडल्यावर पुन्हा किरकोळ खडखड सुरू झाली असती. सोडण्याच्या क्षणी एकच मोठा ठोका कशाला? आणि क्लच सोडताना येणारा टक् पॅडने कसा समजावणार?

मला यात एकच धागा दिसतो. ब्रेक धरला: चाक मागे रेटलं गेलं आणि तसंच दाबून राहिलं, म्हणून गप्प. ब्रेक सोडला: दाब सुटला, चाक पुढे आलं, टक्. क्लच सोडला: चाकाने गाडी पुढे ढकलली, टक्. पेव्हर ब्लॉकच्या प्रत्येक कडेवर चाक थोडं मागे ढकललं जातं आणि परत येतं, टक्टक्. वर-खाली होणाऱ्या मोठ्या खड्ड्यात नाही.

म्हणजे आपण आत्तापर्यंत चाक वर-खाली धरणाऱ्या वस्तू तपासत होतो. आवाज चाक पुढे-मागे धरणाऱ्या वस्तूचा आहे. आणि क्लच सोडताना जोर मागच्या चाकांवर येतो, पुढच्या नाही. या गाडीत मागचं चाक पुढे-मागे काय धरून ठेवतं?

आप्पा_ताडदेव

रेवाताई, दंडवत.

रेडियस आर्म. मागच्या प्रत्येक चाकाला एक. चाकाच्या उभ्या लिंकपासून निघतो आणि पुढे जातो. पाटा चाकाचं वरचं टोक आडवं धरतो, हाफशाफ्ट खालचं, आणि पुढे-मागे धरायचं काम या एका दांड्याचं. दोन्ही टोकांना रबर बुश.

पण तिकडे जाण्याआधी हाफशाफ्टचे (डिफरन्शियलपासून चाकाला जाणाऱ्या दांड्यांचे) क्रॉस आणि डिफरन्शियलची माउंटिंगं बघून घ्या. क्लचवर येणारा टक् म्हटलं की पहिला संशय त्यांचाच. न्यूट्रलमध्येही आवाज आला, त्यामुळे मी फार आशा धरत नाही, पण बघायला काय जातं. मागची दोन्ही चाकं उचला, हँडब्रेक सोडा, गिअर टाका, एक हात शाफ्टवर आणि दुसरा चाकावर, उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये प्ले असेल तर हाताला लगेच लागतो.

खारा_वारा

क्रॉस ठीक. डिफरन्शियलच्या पुढच्या माउंटिंगांची रबरं कडेने तडकलीयेत, पण पहारीने उचललं तर घर जागचं हलत नाही. आत पिनियनचा जो काय थोडा मोकळेपणा आहे तो या वयाच्या गाडीत असायचाच.

रेडियस आर्मचे बुश दोन्ही बाजूंचे काढले. डावा पुढचा अंडाकृती झाला होता! म्हटलं, सापडलं. ऑपेरा हाऊसला दुकानदाराने हेरल्डचे म्हणून तीन डबे काढले. बाहेरचा व्यास जुळला, आतली नळी आखूड. कुर्ल्याला सीएसटी रोडवर पायपीट केली, तिथे तर स्पिटफायर म्हटल्यावर विमानाचे पार्ट ठेवत नाही म्हणाले. शेवटी इंग्लंडहून मागवले, कस्टमसकट बुशापेक्षा टपाल महाग पडलं.

नवे बुश बसवले. बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले, आप्पांचं ‘वजनावर’ लक्षात होतं. इथे एक गंमत बघायला मिळाली, स्विंग ॲक्सलवाल्यांना माहीत असेल. जॅकवरून उतरवल्यावर मागची चाकं खालून आत गेलेली, वरून बाहेर फाकलेली, गाडीची शेपटी बोटभर उंच. टायर जमिनीला चिकटून राहतात, म्हणून ती खाली बसतच नाही. दहा-पंधरा फूट पुढे-मागे ढकलली तेव्हा कुठे पाय पसरून नेहमीच्या उंचीवर आली. त्याआधी बोल्ट आवळले असते तर बुश जन्मभर पिळलेले राहिले असते.

निकाल: टक्. थोडा बारीक झालाय, पण आहे.

मिस्त्रींनी खाली झोपून सगळे बोल्ट परत बघितले. चेसिसचा एकही नट हलत नाही. रंगाच्या रेघा जिथल्या तिथे. आता ते म्हणतात, ‘साहेब, जुनी गाडी आहे, बोलणारच.’

कल्याण_लोकल

टेपचा प्रस्ताव अजून विचाराधीन आहे.

आप्पा_ताडदेव

थांबा, थांबा. मिस्त्रींनी ‘चेसिसचे’ नट बघितले?

हेरल्डच्या चेसिसला बाजूला फाटे असतात, आउटरिगर. बॉडी त्यांच्यावर बसते आणि रेडियस आर्मचं पुढचं टोकही त्या चेसिसलाच. स्पिटफायरमध्ये ते बाजूचे फाटे नाहीत. मधला कणा तेवढा ठेवला आणि बाजूची मजबुती बॉडीच्या सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पेटीत) दिली. मग रेडियस आर्मचं पुढचं टोक लावायचं कुठे? बॉडीला! सीटच्या मागे जो उभा पत्रा येतो, जमिनीला जिथे मिळतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला ब्रॅकेट बोल्टने बसवलेला आहे. ब्रॅकेट आणि पत्रा यांच्यामध्ये शिम (पातळ पट्ट्या) असतात, त्यावरून मागच्या चाकांचा टो-इन, म्हणजे चाकं किती आत बघतात ते, ठरतं.

म्हणजे मागचं चाक जोर लावतं तो पत्र्यावर. दादरच्या खाऱ्या हवेतल्या पत्र्यावर. हेरल्डवर हात बसलेला माणूस तिथे बघणारच नाही, कारण हेरल्डमध्ये तिथे बघण्यासारखं काही नसतंच.

सीटच्या मागचं कार्पेट उचला.

रेवा_के

आणि उचलाल तेव्हा ही चाचणी करा. गाडी सपाट जमिनीवर, इंजिन बंद, न्यूट्रल, हँडब्रेक घट्ट ओढलेला. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो ना? मग दोघांनी गाडी पुढे-मागे झुलवायची. सगळा जोर मागच्या चाकांतून त्या दोन ब्रॅकेटांवर जाईल आणि पुढच्या सस्पेन्शनवर जवळजवळ काहीच नाही. तिसऱ्याने आत बसून ब्रॅकेटच्या मागच्या बाजूला पत्र्यावर पंजा सपाट ठेवायचा. बोटांनी नाही, पंजाने.

नट घट्ट असणं म्हणजे नट ज्यात बसलाय तो पत्रा घट्ट असणं नव्हे, हे या सगळ्यात राहून गेलं असावं.

खारा_वारा

सापडला.

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सोसायटीचा वॉचमन आणि तळमजल्यावरचा कॉलेजातला मुलगा गाडी झुलवत होते, मी आत कार्पेट गुंडाळून आडवा. पहिल्याच हेलकाव्याला पंज्याखाली पत्रा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर झाला आणि टक्. डावी बाजू. उजवीकडे हात ठेवला, काही नाही.

मग टॉर्च लावून नीट बघितलं. कार्पेट, त्याखाली फेल्ट, त्याखाली डांबरासारखा काळा थर. तो खरवडल्यावर दिसलं की पूर्वी कधी तरी तिथला गंजलेला भाग कापून वरून ठिगळ मारलंय. ब्रॅकेटच्या बोल्टांमागे जो मजबुतीचा जाड तुकडा असतो तो त्या ठिगळाला तीन-चार टाक्यांनी डागलेला, आणि त्यातले खालचे टाके तुटलेले. कडेला रंग केसासारखा चिरलाय आणि चिरेतून तांबूस पूड बाहेर आलीये. बोल्ट त्या जाड तुकड्यात पक्के, तुकडाच पत्र्यापासून सुटलेला. पाना लावला तर घट्ट लागणारच!

पुढून का ऐकू येत होता तेही कळलं. ते ठिगळ थेट सिलला जोडलेलं आहे. सिल पोकळ, सीटच्या मागून निघून दाराखालून पुढे फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीपर्यंत) जाते. मागे टक्, पुढे शेजाऱ्याच्या पायांशी आवाज. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ब्रॅकेटपाशी ठोकलं आणि त्या मुलाला पुढे कान लावायला सांगितलं, तो म्हणाला इथूनच येतोय काका.

रेवाताई, आप्पा, दोघांनाही साष्टांग.

पद्मिनीप्रेमी

जबरी! एखाद्या रहस्यकथेसारखा धागा झाला. बॉल जॉइंटचं मत मागे घेतो.

पत्रा_आणि_रंग

धागा पहिल्यापासून वाचतोय, पत्र्यापर्यंत आला म्हणून तोंड उघडतो. माझं डेंटिंग-पेंटिंगचंच काम.

१) वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी काढा. स्पिटफायरची टाकी डिकीत, सीटच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. तुमचं वेल्डिंग तिच्यापासून हातभर अंतरावर. ‘टाकी रिकामी केलीये’ म्हणू नका, रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. टाकी काढून गाडीपासून लांब, पाइपची तोंडं बंद. बॅटरीही सोडा.

२) ठिगळावर ठिगळ नको. जुनं पूर्ण कापा, पत्रा चकाकेपर्यंत मागे जा. दादर-माहीमच्या गाड्यांत गंज दिसतो त्याच्या दुप्पट असतो.

३) या गाडीत सिल भार घेते. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाका किंवा निदान दारं लावून फटी मोजून लिहून ठेवा. गाडी चाकांवरच उभी ठेवून, खाली सिलला आधार देऊन काम. हवेत लटकवून कापलंत तर नंतर दार लागणार नाही.

४) मजबुतीचा तुकडा चारी बाजूंनी पत्र्यात उतरवा आणि सिलच्या आतल्या अंगालाही धरा. मिग वेल्डिंगने, थोडं थोडं, थांबत थांबत. एका दमात चालवलं तर पत्रा वाकडा होतो.

झाल्यावर आतून प्राइमर, सांध्यांना सीलर, मग सिलच्या पोकळीत मेणाची फवारणी. वरून डांबर फासू नका. डांबराखाली पाणी राहतं, तेच तुमचं झालंय.

पानेवाला

शिम कुठल्या बाजूला किती होत्या ते ब्रॅकेट सोडण्याआधी लिहून ठेवा. फोटो काढा. नंतर ‘तीन होत्या की चार’ असं होतं.

खारा_वारा

काम झालं. परळला एका ओळखीच्या डेंटरकडे केलं, मी डोक्यावर बसून. टाकी काढली, त्यात तळाला इतका गाळ निघाला की तिचाही वेगळा धागा होईल. ठिगळ कापल्यावर आत आणखी एक जुनं ठिगळ होतं. @पत्रा_आणि_रंग, तुमची ‘दुप्पट’ कमीच पडली, सिलच्या आतल्या भिंतीचाही वीतभर तुकडा बदलावा लागला. दाराची फट कामाआधी आणि नंतर मोजली, जवळपास तीच.

शिमांचा फोटो काढला होता, पण नवा पत्रा जुन्या पत्र्याच्या जागी तंतोतंत कसा बसणार? त्यामुळे दोरा लावून मोजलं. गाडीच्या दोन्ही अंगांना चार घोड्यांवर दोरे ताणले, मधल्या रेषेला समांतर केले आणि प्रत्येक चाकाच्या रिमची पुढची आणि मागची कड दोऱ्यापासून किती लांब ते पट्टीने बघितलं. डावं मागचं चाक बाहेर बघत होतं, दोन शिमा कमी-जास्त करून रेषेत आणलं. इतकी वर्षं ते चाक ब्रेकवर एक आणि ॲक्सिलरेटरवर दुसरं तोंड करत असणार. कोस्टल रोडच्या बोगद्यात लेन सोडून सरकल्यासारखी वाटायची ती यामुळेच. मी टायरना दोष देत होतो.

हिंदू कॉलनीतल्या त्याच गल्लीतून गिअरमध्ये, न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक धरून-सोडून नेली. काही नाही. आता मागच्या पाट्याची करकर ऐकू येते, ती पूर्वी टक्खाली दबून जात असावी. तिची मला हरकत नाही.

आप्पा_ताडदेव

पाट्याच्या पानांच्या टोकांमध्ये रबरी बटणं असतात, ती झिजली की करकर येते. तातडी नाही.

उजवी बाजू उघडली का? डावीकडे ज्याने ठिगळ मारलं त्याच माणसाचा हात उजवीकडेही लागलेला असणार.

खारा_वारा

@आप्पा, उघडली. ठिगळ आहे, टाके शाबूत, पण खालच्या कडेला गंजाचे फोड. टाकी बाहेर होती तेवढ्यात तेही कापून नवं करून घेतलं. मिस्त्री येऊन बघून गेले. ब्रॅकेट बॉडीला बघून म्हणाले, हे ट्रायम्फवाल्यांनी काय करून ठेवलंय.

कल्याण_लोकल

आता टेप लावायला हरकत नाही. आणि फोटू अजून आलेला नाही.